सरहद्दीखालचा कातळ

शहाबादी फरशी ज्या घराने कधी पाहिली नाही असे जुने घर सोलापूर जिल्ह्यात शोधूनही विरळाच सापडेल. माजघर, स्वयंपाकघर, ओसरी, शाळांचे वर्ग, कचेऱ्यांचे व्हरांडे आणि देवळांचे प्राकार यांना पिढ्यान् पिढ्या थंडावा देणारी ही फरशी सोलापूरहून रेल्वेने वाडी जंक्शनकडे जाताना, कलबुर्गी मागे पडल्यावर, लागणाऱ्या शहाबादच्या खाणींतून आली. आणि तिच्याच जातीच्या चुनखडकावर पुढे वाडी, मळखेड, सेडम, चित्तापूर या टापूत देशातील मोठमोठ्या सिमेंट कारखान्यांची मालिका उभी राहिली. हा चुनखडक म्हणजे अतिप्राचीन काळी समुद्राच्या तळाशी दगडात बंदिस्त झालेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू होय. शुद्ध चुनखडकाच्या शंभर किलोंत ४४ किलो कर्बवायू असतो आणि सिमेंटसाठी तो खडक भट्टीत भाजला की तो सगळा धुराड्यावाटे आकाशात जातो. भट्टीला कोळशाऐवजी उद्या सूर्याची उष्णता पुरविली, तरीही हा वायू निघायचा तो निघणारच, कारण त्याचा उगम इंधनात नसून दगडातच आहे.

भट्टीतून निघालेला क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला कच्चा माल, मालगाड्यांनी सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला येतो, होटगीच्या परिसरात दळला जातो, त्यात औष्णिक केंद्राची राख मिसळते आणि मग सिमेंटची पोती महाराष्ट्रभर रवाना होतात. ज्या इमारती पुण्यात उभ्या राहतात त्यांचा कर्बवायू अशा रीतीने कलबुर्गी जिल्ह्याच्या हवेत सुटतो. दुसऱ्या बाजूला दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी आणि आहेरवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्र उभे आहे, ज्याचे ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. तेथून दक्षिणेस विजयपूर जिल्ह्यात कुडगी येथे त्याच संस्थेचे २,४०० मेगावॉटचे केंद्र आहे. आणि त्याही पलीकडे, जेथे भीमा कृष्णेला मिळते त्या रायचूरच्या मुलखात कर्नाटक सरकारची औष्णिक केंद्रे आहेत. नकाशावर सोलापूर हा मध्यबिंदू धरून सुमारे अडीचशे किलोमीटरच्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर कोळसा आणि चुनखडक जाळणारी ही सर्व धुराडी त्यात सामावतात, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द धावते.

या टापूचा विचार एकत्र करावा की दोन तुकड्यांनी, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही. ग्लासगो येथे २०२१ साली भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे अभिवचन दिले. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये नीती आयोगाने कर्बवायू पकडणे, वापरणे आणि साठवणे यांसाठीच्या धोरणाची चौकट प्रसिद्ध केली आणि तीत असे सुचविले, की प्रत्येक कारखान्याने आपापली वेगळी व्यवस्था करण्यापेक्षा शेजारशेजारच्या कारखान्यांचे समूह करावेत, त्यांचा वायू एकाच नळमार्गाने वाहून न्यावा आणि एकाच भूगर्भीय साठ्यात सोडावा. खर्चाच्या दृष्टीने ही सूचना शहाणपणाची आहे. परंतु ज्या समूहाची धुराडी एका राज्यात आणि साठवणुकीचा खडक दुसऱ्या राज्यात असेल, त्या समूहाने कोणाच्या कायद्याने चालावे, कोणाच्या कचेरीत अर्ज करावा आणि शंभर वर्षांनी काही बिघडल्यास कोणाच्या दारात जावे, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आजमितीस आपल्या देशात नाही. आणि माझ्या मते या विषयातील खरी उणीव यंत्रांची नसून दोन राज्यांमधील अशा कराराची आहे.

यंत्रांचे कार्य समजावयास फारसे कठीण नाही. औष्णिक केंद्राच्या धुरात कर्बवायूचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असते, सिमेंटच्या भट्टीच्या धुरात त्याहून बरेच अधिक. हा धूर उंच मनोऱ्यातून वर जात असता त्यावर अमाइन या वर्गातील द्रावणाचा वर्षाव केला, की द्रावण कर्बवायू तेवढा शोषून घेते आणि बाकीचा धूर पुढे जातो. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन तापविले की कर्बवायू शुद्ध रूपात सुटा होतो, द्रावण पुन्हा वापरता येते आणि वायू दाबाखाली घट्ट करून नळातून वाहून नेता येतो. खरी ग्यानबाची मेख आहे ती द्रावण तापविण्याच्या उष्णतेत. ती उष्णता केंद्राच्या स्वतःच्या वाफेतूनच घ्यावी लागते, आणि तिच्यापायी कोळशाच्या केंद्राची वीज पाचव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत घटू शकते. एनटीपीसीने मध्य प्रदेशातील विंध्याचल केंद्रावर २०२२ साली दिवसाला २० टन कर्बवायू पकडणारे संयंत्र बसविले, आणि ते यशस्वीपणे चाललेही. आता सोलापूरच्या केंद्राचा हिशेब पाहावा. ते वर्षभर सरासरी साठ टक्के क्षमतेने चालले असे धरले आणि एका युनिटमागे ९०० ग्रॅम कर्बवायू हा कोळशाचा सर्वसाधारण दर लावला, तर वर्षाचे उत्सर्जन सुमारे ६० लाख टन, म्हणजे दिवसाचे सोळा हजार टनांवर जाते. वीस टन आणि सोळा हजार टन यांमधील अंतर ज्याच्या ध्यानी आले, त्याला या विद्येविषयी अवाजवी उत्साह वाटणार नाही आणि अवाजवी निराशाही वाटू नये.

पकडलेला वायू ठेवायचा कोठे, या प्रश्नापाशी मात्र सोलापूर जगाच्या नकाशावर एकाएकी महत्त्वाचे ठरते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचा जो काळा पाषाण, म्हणजे बॅसॉल्ट, बनला, त्याने आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. सोलापूर त्या प्रदेशाच्या आग्नेय भागात येते; कलबुर्गीच्या पुढे तो काळा थर विरळ होत संपतो आणि त्याखालचा जुना चुनखडक, म्हणजे आपली शहाबादी फरशी, उघडा पडतो. विहीर खोदणाऱ्या कोणत्याही जाणत्या माणसाला ठाऊक आहे, की मुरूम संपल्यावर लागणारा कातळ सर्वत्र सारखा नसतो: काही थर अभेद्य असतात, तर काहींत बारीक पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांत पुष्कळदा शुभ्र स्फटिक भरलेले आढळतात. त्या स्फटिकांपैकी कॅल्साइट हे कर्बवायू आणि खडकातील कॅल्शियम यांच्या संयोगाने निसर्गाने स्वतः केलेले खनिज आहे. काळ्या रानात नांगराला लागणारे चुन्याचे पांढरे खडेही याच जातीचे. कर्बवायू दगड होऊन दख्खनच्या भूमीत राहतो, हे अशा रीतीने आपल्या शेतकऱ्याच्या पायाखालीच सिद्ध झालेले आहे. माणसाने विचारायचे एवढेच, की निसर्गाने युगानुयुगे केलेले काम काही वर्षांत करता येईल काय?

आइसलँडमध्ये त्याचे उत्तर मिळाले. तेथील हेट्लिसहेइदी या भूऔष्णिक केंद्राजवळ कार्बफिक्स या प्रकल्पाने २०१२ साली कर्बवायू पाण्यात विरघळवून चारशे-पाचशे मीटर खोलीवरील बॅसॉल्टमध्ये सोडला, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप पावला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ साली निराळी रीत अवलंबिली गेली: पाणी न मिसळता, प्रचंड दाबाखाली द्रवासारखा दाट झालेला सुमारे एक हजार टन वायू आठशे मीटरहून अधिक खोल बॅसॉल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने दख्खनच्या पाषाणाचा या दृष्टीने विचार या शतकाच्या पहिल्या दशकातच आरंभिला होता, आणि मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२१ साली देशभरच्या खडकांची जी मोजदाद केली तीत बॅसॉल्टची संभाव्य साठवणक्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन मांडली. भारताचे एका वर्षाचे एकूण उत्सर्जन तीन अब्ज टनांच्या आसपास आहे. आकडा मोठा आहे. पण त्याच्या दोन टोकांतील तिपटीहून अधिक अंतर हीच त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे, कारण कागदावरच्या अंदाजाला भोक पाडून केलेल्या तपासणीचा आधार अजून मिळावयाचा आहे.

या तपासणीत सोलापूरपुढे दोन अडचणी उभ्या राहतील असे दिसते, आणि त्या दोन्ही एकमेकींशी गुंतलेल्या आहेत. वालुलाच्या रीतीने, म्हणजे पाण्यावाचून वायू साठवायचा तर तो दाट अवस्थेत राहावा म्हणून सुमारे आठशे मीटर खोली हवी. आता सोलापूरच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर जी ६१७ मीटर खोल विंधणी घेण्यात आली, तीत बॅसॉल्टची जाडी ३३८ मीटरच भरली आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकमय खडक लागला. कऱ्हाडनजीक हजारमाची येथील संशोधन केंद्राने कोयनेच्या परिसरात २०१७ साली पुरी केलेल्या तीन किलोमीटरच्या विंधणीत मात्र बॅसॉल्टची जाडी जवळजवळ सव्वा किलोमीटर भरली. म्हणजे पाषाणाचा हा थर पश्चिमेकडे जाड आणि आपल्या बाजूला पातळ आहे. पातळ थरात चालेल ती आइसलँडची रीत, कारण सोड्याच्या बाटलीतल्याप्रमाणे पाण्यात विरघळलेला वायू वर उसळी घेत नाही आणि त्याला कमी खोली पुरते. परंतु एक टन वायू असा विरघळवावयास सुमारे २५ टन पाणी लागते.

पंचवीस टनांचा हा गुणक दुष्काळी जिल्ह्यात मांडून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. सोलापूर केंद्राचा वर्षाचा ६० लाख टन वायू या रीतीने जिरवायचा तर १५ कोटी टन पाणी हवे, म्हणजे जवळजवळ सव्वापाच टीएमसी. उजनी धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी असला तरी त्यातील उपयुक्त साठा ५३ टीएमसींच्या थोडासा वर आहे. तेव्हा त्या उपयुक्त साठ्याचा दहावा हिस्सा एकट्या धुरापायी खर्ची पडेल. ज्या शहराने नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव घेतला आहे आणि ज्या जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी उजनीच्या प्रत्येक आवर्तनासाठी कालव्यावर रात्री जागून काढल्या आहेत, त्यांच्यापुढे असा प्रस्ताव ठेवण्याचे धैर्य कोणीही करू नये. आइसलँडमध्ये खोलातले पाणी वर काढून, त्यात वायू विरघळवून, ते पुन्हा त्याच खडकात सोडता येते, आणि त्यामुळे पाण्याचा तोटा होत नाही, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे. पण आपल्या काळ्या पाषाणात चारशे मीटरखाली तेवढे पाणी आहे काय, ते खारे आहे की गोडे, आणि वरच्या विहिरींशी त्याचे नाते काय, हे पाहिल्याखेरीज त्या उत्तरावर विसंबणे अनुचित होय.

या हिशेबावरून मी एक निष्कर्ष काढतो, आणि तो उघडपणे मांडणे मला कर्तव्य वाटते. कोळशाच्या केंद्रांचे आयुष्य वाढविण्यासाठी ही विद्या सोलापुरात आणू नये. विजेला पर्याय आहे. ज्या जिल्ह्यात वर्षातील बहुतेक दिवस ऊन रखरखते त्या जिल्ह्याला तो पर्याय कोणी शिकविण्याची गरज नाही. सिमेंटला तसा पर्याय अद्याप दृष्टिपथात नाही, कारण त्याचा निम्म्याहून अधिक कर्बवायू दगडातून येतो. वर्षाला दहा लाख टन क्लिंकर करणाऱ्या एका भट्टीचा सगळा वायू आठ लाख टनांच्या घरात जातो. त्याची व्यवस्था लावणे हे मनुष्याच्या आवाक्यातील, मोजता येणारे काम आहे. नॉर्वेतील ब्रेव्हिक येथील सिमेंट कारखान्याने २०२५ साली नेमके हेच केले. आपल्या उत्सर्जनाचा सुमारे निम्मा भाग, म्हणजे वर्षाला चार लाख टन, पकडून तो जहाजाने पश्चिम किनाऱ्याकडे पाठविण्याची व्यवस्था तेथे झाली. किनाऱ्यावरून सुमारे शंभर किलोमीटरचा नळ तो वायू समुद्रात नेतो आणि सागरतळाखाली २,६०० मीटर खोल वालुकाश्मात सोडतो. नॉर्दर्न लाइट्स या नावाच्या त्या साठ्यात पहिला वायू ऑगस्ट २०२५ मध्ये पोहोचला.

परंतु नॉर्वेकडून आपण घ्यावयाचा धडा नळाचा नाही, कागदाचा आहे. समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्याविषयीच्या १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलनुसार एका देशाचा कर्बवायू दुसऱ्या देशाकडे साठवणुकीसाठी पाठविणे निषिद्ध ठरत होते. ती अडचण दूर करणारी दुरुस्ती २००९ मध्ये संमत झाली, पुरेशा देशांची मान्यता न मिळाल्याने ती दहा वर्षे तशीच पडून राहिली, आणि अखेर २०१९ मध्ये ती तात्पुरती अमलात आणण्याची मुभा मिळाल्यावर नॉर्वेने डेन्मार्क, बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वीडन यांच्याशी २०२४ साली करारमदार केले. तत्पूर्वीच, २००९ मध्ये, युरोपीय संघाने भूगर्भीय साठवणुकीचा जो निर्देश काढला होता, त्यात साठा बंद झाल्यावर साधारणतः किमान वीस वर्षे त्याची जबाबदारी चालकावरच राहील, सर्व काही स्थिर असल्याची खात्री पटल्यावरच ती सरकारकडे वर्ग होईल, पुढील देखरेखीच्या खर्चाची रक्कम चालकाने आधीच भरली पाहिजे, आणि साठा दोन देशांच्या हद्दीत पसरला असेल तर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी संयुक्तपणे काम पाहिले पाहिजे, अशा तरतुदी लिहून ठेवल्या गेल्या. नॉर्दर्न लाइट्समध्ये वायूचा पहिला टन जाण्यापूर्वी ही दीड दशकांची लिखापढी झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे हद्दीच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. राज्यघटनेप्रमाणे जमीन आणि पाणी हे राज्यांचे विषय, आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राकडे, खनिजांचा अधिकार दोहोंत विभागलेला. मग खडकातील पोकळी ही जमीन समजावी, की खनिज, की निव्वळ रितेपणा? नळ टाकण्यासाठी शेतातून जाण्याचा हक्क मिळविण्याचा १९६२ चा जो कायदा आहे, तो पेट्रोलियम आणि खनिजे यांच्यापुरता आहे आणि त्यात हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के ठरलेला आहे. कर्बवायू हा त्या व्याख्येत सरळ बसत नाही. वाडीहून सोलापूरकडे येणारा सुमारे दीडशे किलोमीटरचा नळ शेकडो शेतकऱ्यांच्या बांधांवरून जाईल. हा वायू विषारी नसला तरी हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो आणि श्वास कोंडतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील सटार्शिया गावाजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये असा नळ फुटला तेव्हा सुदैवाने कोणी दगावले नाही, परंतु चाळीसहून अधिक माणसांना रुग्णालयात न्यावे लागले आणि हवेअभावी मोटारींची इंजिने बंद पडली. दहा टक्के मोबदल्यात ही जोखीम शेतकऱ्याने पत्करावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

भूकंपाची भीती हा विषय तर या भागात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे मातीच्या भिंतींखाली गेली, तेव्हा सोलापूरचा जिल्हाही हादरला होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयाच्या भाराशी निगडित असल्याचे शास्त्रज्ञ मानतात. भूगर्भात दाबाने द्रव सोडल्यास लहानमोठे धक्के बसू शकतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. म्हणून येथे खडकाची तपासणी करताना भूकंपमापकांचे जाळे आधी आणि विंधणी मागाहून, हा क्रम कधीही मोडता कामा नये, आणि त्या मापकांची नोंद कारखान्याच्या कपाटात न राहता रोजच्या रोज लोकांपुढे आली पाहिजे.

एवढे सगळे दोन सरकारांनी मिळून करावे, ही अपेक्षा भाबडी आहे असे कित्येकांना वाटेल, कारण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची नावे एकत्र घेतली की पहिल्यांदा आठवतो तो सीमाप्रश्न, जो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्या पाठोपाठ कृष्णेचे पाणी. परंतु इतिहास एवढाच नाही. विजापूर (आजचे विजयपूर) आणि सोलापूर हे १९५६ पर्यंत एकाच मुंबई राज्याचे जिल्हे होते. सोलापूरच्या बाजारपेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा आजही सारख्याच हक्काने बोलल्या जातात. सोलापूरवरून पुढे गेलेला जीआयपी रेल्वेचा मार्ग १८७१ साली रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाला आणि मुंबई व मद्रास ही शहरे त्या सांध्याने जोडली गेली. कृष्णेच्या वाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कटुतेतूनही आकड्यांनी बांधलेला निवाडा दिला. त्याच्याविषयी मतभेद पुष्कळ आहेत, पण प्रत्येक राज्याला आपला वाटा किती, हे त्यामुळे कागदावर आले. आणि सर्वांत अलीकडचे उदाहरण तर सोलापूरच्याच नावाने नोंदले गेले आहे. उत्तर, पूर्व, ईशान्य आणि पश्चिम भारताचे वीजजाळे आधीच एक झालेले असताना दक्षिणेचे जाळे वेगळ्या तालावर चालत होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि त्या क्षणापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची वीज एकाच कंप्रतेने वाहू लागली. विजेच्या त्या वाहिनीला ना भाषेने अडविले, ना हद्दीच्या दाव्याने. कारण कंप्रता किती राखायची, भार कोणी उचलायचा, चुकल्यास दंड कोणी भरायचा, हे नियम आधी ठरलेले होते आणि दोन्ही बाजूंना ते सारखेच लागू होते.

कर्बवायूसाठी तसा मसुदा करण्याचे ठिकाण शोधू गेल्यास एक लहानशी पण अर्थपूर्ण अडचण आढळते. राज्यपुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्याने ज्या विभागीय परिषदा नेमल्या, त्यांत महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. भीमेच्या दोन काठांवरचे हे दोन शेजारी एका बैठकीस सहसा बसतच नाहीत. तथापि परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय त्याच कायद्यात आहे, आणि तेलंगण दक्षिण परिषदेचाच घटक असल्याने तांडूरच्या बाजूचे सिमेंट कारखानेही त्या चर्चेत सहज येऊ शकतात. अशा बैठकीने प्रथम नळाचा किंवा अनुदानाचा विषय न घेता खडकाच्या सामाईक पाहणीचा ठराव करावा, असे मला वाटते. हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते आणि पुढे काही अंतर भीमाच दोन राज्यांची हद्द होते. त्या नदीपात्राखालचा पाषाण अखंड आहे, तेव्हा उत्तर काठाची पाहणी एका खात्याने आणि दक्षिण काठाची दुसऱ्याने, तीही एकमेकांस न दाखविता, करण्यात काहीच अर्थ नाही. विंधणीतून निघालेले नमुने, पाण्याचे पृथक्करण आणि भूकंपांची नोंद मराठीत आणि कन्नडमध्ये, तालुक्याच्या कचेरीत कोणालाही पाहता येईल अशी ठेवली जावी. पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा एक थेंबही या कामासाठी वळविता येणार नाही, ही अट कराराच्या पहिल्या कलमात असावी. साठा बंद झाल्यावरच्या वर्षांची जबाबदारी आणि तिची आगाऊ रक्कम कोणाची, हे दुसऱ्यात. ज्या राज्याच्या खडकात वायू जाईल त्या राज्याला त्याबद्दल काही आकार मिळावा, हे न्याय्य आहे. पण त्या आकाराचा ठराविक वाटा थेट त्या ग्रामपंचायतींना मिळावा, ज्यांच्या शिवाराखाली तो वायू राहणार आहे.

केंद्राने २०२३ साली कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची योजना अधिसूचित केली आहे आणि सिमेंट उद्योग तिच्या कक्षेत आहे. त्यामुळे पकडलेल्या वायूला पुढेमागे किंमत येईल, आणि किंमत आली की घाईही येईल. घाई आल्यावर अटी घालणे कोणत्याही ग्रामपंचायतीला जमत नाही, हा आपला धरणांपासूनचा आणि खाणींपासूनचा अनुभव आहे. उजनीच्या विस्थापितांना तो वेगळा सांगण्याचे कारण नाही. म्हणून दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, इंडी, अफझलपूर आणि चित्तापूर या तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, माझी विनंती आहे, की त्यांनी आपापल्या विधिमंडळात या संयुक्त पाहणीची मागणी विंधणीचे पहिले यंत्र येण्याआधी नोंदवावी. आणि त्या तालुक्यांतील मतदारांना विनंती, की ग्रामसभेत हा विषय एकदा तरी चर्चेला घ्यावा आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.